विसाव्याचा ताप

वैजनाथ सावळगी सरांनी पाण्याच्या पेल्याला हात लावायच्या आधी पोरीचा लॅपटॉप उलटा करून बघितला. पोरगी समोर ट्रे धरून उभी, आणि हे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून यंत्राच्या पोटाकडं टक लावून बसलेले. नीलव्वा हत्तुरेनं मुली बघायला येणारे नाना नमुने आजवर बघितले होते. तिच्या स्वतःच्या वेळी एकानं तिला अंगणात चालून दाखवायला लावलं होतं. एकानं सुईत दोरा ओवायला दिला होता. एका म्हाताऱ्यानं तर केस खरे आहेत का म्हणून वेणी ओढून बघितली होती. पण ती माणसं निदान पोरीकडं तरी बघत होती.

“एकतीस,” सर म्हणाले. “दोन वर्षांत एकतीस.”

त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा विरेश बसला होता. गोरा, शांत, इस्त्रीतून नुकताच काढल्यासारखा. त्यानं मांडीवरचा स्वतःचा लॅपटॉप कुणी न सांगता उलटा केला. पोटावरच्या नखाएवढ्या खिडकीत हिरवा आकडा होता, नव्याण्णव. सहा वर्षं वापरलेलं यंत्र. मुलाच्या आईनं, सुमंगलाताईंनी, त्या आकड्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दुसऱ्याच्या घरात बसूनही पोह्यांच्या रिकाम्या बशा गोळा करत होत्या. नीलव्वाचा मुलगा सिद्राम, पोरीचा बाप, मात्र घरात चोरीचा माल सापडल्यासारखा खाली मान घालून बसला.

हा आकडा काय भानगड आहे ते नीलव्वाला पुरतं ठाऊक होतं. शाळा तिनं तिसरीत सोडली होती, पण सोलापुरात कडक भाकरीचा कारखाना उभा केला होता, आणि बाजारात काय नवीन आलं ते तिच्या कानावरून गेल्याशिवाय राहत नव्हतं. नव्या बॅटऱ्या आल्या तेव्हा जाहिरात होती की दहा वर्षं बघायला नको. जुना माल नवा म्हणून कुणी गळ्यात मारू नये यासाठी कायदा झाला, की बॅटरीचं किती आयुष्य उरलं ते शंभरातला आकडा होऊन तिच्या अंगावर दिसलं पाहिजे, आणि तो कुणाला पुसता येऊ नये. कायदा चांगलाच होता. पण माणसाच्या हातात मोजमाप दिलं की तो आधी शेजाऱ्याला लावून बघतो. नोकरी देणारे म्हणायला लागले, ज्याला एक यंत्र रोज वेळेवर बंद करून विसाव्याला ठेवता येत नाही त्याच्या हातात काम काय द्यायचं. मग घर भाड्यानं देणारे आकडा विचारायला लागले. मग समाजाच्या वधू-वर मेळाव्यात शिक्षण, उंची आणि पगार यांच्या खाली आणखी एक रकाना आला. तो आणणारे हेच सावळगी सर. तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेले, आणि आता ‘विसावा आणि संस्कार’ या विषयावर तास-तासभर बोलणारे. नीलव्वा एकदा ऐकायला बसली होती. झोप छान लागली.

सर शेवटी पाणी प्यायले आणि त्यांनी निकाल सांगितला. मुलगी पसंत होती. घर पसंत होतं. तेवढा आकडा खटकत होता. मुलीनं लॅपटॉपमध्ये नवी बॅटरी टाकावी, तीन महिने शिस्तीत वापरावी, आणि मग निश्चयाला सगळ्यांनी पुण्याला यावं. आकडा नव्याण्णवच्या खाली गेलेला नसला तर लग्नाची तारीख काढू. “यात अपमान वाटून घेऊ नका, आजी,” ते म्हणाले. “पूर्वी आपण पत्रिका बघत होतोच की. हे तर शास्त्र आहे.”

नीलव्वानं तोंड उघडलं. पण नातीनं आधीच उत्तर दिलं होतं.

“चालेल,” शिवलीला म्हणाली.

ती का चालेल म्हणाली ते नीलव्वाला कळत होतं, म्हणून तिनं उघडलेलं तोंड मिटलं. आई लहानपणी गेलेली ही पोर नीलव्वानंच वाढवली होती. एकोणतीस पुरी झाली होती. चार ठिकाणचं जमता जमता फिसकटलं होतं. कुणाला तिचा पगार जास्त वाटला, कुणाला तिच्या आजीची जीभ. आणि विरेशशी ती गेले काही महिने फोनवर बोलत होती. तो मधेच बोलत नाही, ऐकून घेतो, असं ती एकदा भाकऱ्या मोजता मोजता म्हणाली होती, आणि मग मोजणी चुकली होती. पोरीला तो हवा होता. एवढं कळायला शाळा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात तिघं गेली. दहा वर्षांची बॅटरी दोन वर्षांत मरते म्हणजे कंपनीनं फसवलं, असा नीलव्वाचा सरळ हिशेब होता, आणि ती भांडायच्या तयारीनं नवं लुगडं नेसून आली होती. दुकानातल्या चष्मेवाल्या मुलीनं बॅटरी काढली, कसल्याशा पेटीत ठेवली आणि पडद्यावर चित्र दाखवलं. आडव्या-उभ्या तडाच तडा. उन्हाळ्यातलं तळंच जणू.

मग तिनं समजावून सांगितलं. जुन्या बॅटरीत पातळ रस असायचा. लिथियमचे कण त्या रसातून या काठावरून त्या काठावर पोहत जायचे. रस कधी पेट घ्यायचा. म्हणून नव्या बॅटरीत रस काढून टाकला आणि मधे एक घट्ट वडी बसवली. कण आता त्या वडीतून वाट काढत जातात. आग लागायची भीती गेली. पण घट्ट गोष्ट तडकते. बॅटरी भरताना वडी जराशी फुगते, रिकामी होताना आकसते, आणि रोजच्या या फुगण्या-आकसण्यात तिला केसासारख्या चिरा पडतात. त्यावर उपाय म्हणून वडीत मेणासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. दिवसातून एकदा तीन तास यंत्र बंद ठेवलं, की बॅटरी आपलीच थोडी वीज खर्चून अंग तापवते. मेण मऊ होतं, चिरांत उतरतं, आणि हळूहळू निवताना चिरा सांधतात. यालाच विसावा म्हणायचं. कुणी मधेच यंत्र चालू केलं तर सांधा कच्चा राहतो. आणि कुणी ते मधेच गार केलं तर फारच वाईट, मेण अर्ध्या वाटेत गोठतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच तडा पुढं पळतो.

“तुमची तर रोज गार झालेली आहे,” मुलगी म्हणाली. “फ्रिजमध्ये ठेवत होता का?”

शिवलीला आणि सिद्राम एकमेकांकडं बघायला लागले.

“मी पट्ट्या ठेवत होते,” नीलव्वा म्हणाली.

मुलीला कळलं नाही. नीलव्वानं सांगितलं. शिवलीला एका परदेशी विमा कंपनीचं काम पहाटे आणि संध्याकाळी करायची, म्हणून यंत्राचा विसावा दुपारचा. ते भाकरीच्या खोलीतल्या फळीवर पडलेलं असायचं. एकदा सहज हात लागला तर अंगात कणकण. बंद पडलेलं यंत्र, आणि इतकं गरम. पोर दिवसरात्र राबवते, यंत्राला ताप नाही येणार तर काय होणार. मग रोज दुपारी ओल्या फडक्याच्या पट्ट्या, खालून वरून, निवेपर्यंत. दोन वर्षांत एक दुपार चुकवली नव्हती. दिवाळीतसुद्धा नाही. शिवाय दुपारी वीज गेली की बायकांचा टेबलपंखा त्याच यंत्राला जोडायचा, तेही तिनं सांगून टाकलं, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

सिद्रामनं कपाळावर हात मारला. दुकानातली मुलगी हसू दाबत म्हणाली की हे सगळं बॅटरीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

“ताप येऊन बरं होणारं यंत्र करायचं, आणि ते लिहून ठेवायचं पुस्तकात,” नीलव्वा म्हणाली. “पुस्तक वाचून कोण कपाळाला हात लावतं गं?”

ती ताठ मानेनं दुकानातून बाहेर पडली. नवी बॅटरी बसवून शिवलीला मागून आली. तिच्या हातातल्या यंत्रावर शंभर आकडा होता, आणि ती ते भरलेली कळशी असावी तसं धरून चालत होती.

मग भाकरीच्या खोलीतल्या दुपारी बदलल्या. त्या खोलीची एक रीत होती. पहाटेपासून बायका ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, पापडासारख्या पातळ, भाजायच्या, तव्याच्या कडेला लावून कडक करायच्या. ऊन चढलं की चुली विझायच्या. मग कुणी घरी पळायचं नाही. लोंबत्या दोऱ्यांवर फडकी, खाली सतरंजी, मधे टेबलपंखा, आणि दोन तास बायकांचं राज्य. कुणाचा नवरा कसा घोरतो इथपासून कुणाच्या सुनेनं काय बोलून दाखवलं इथपर्यंत. कस्तुरा नावाची म्हातारी सगळ्यांच्या नकला करायची. नीलव्वाची नक्कल ती नीलव्वासमोर करायची, आणि नीलव्वा तिला शिव्या देत देत हसायची.

आता शिवलीलानं लॅपटॉप आतल्या खोलीत हलवला आणि दाराला कडी लावली. वीज गेली की पंखा गेला. पहिल्या दिवशी बायका पदरानं वारा घेत बसल्या. कस्तुरा म्हणाली, लीला, जरा जोड की गं पंखा, जीव चाललाय. शिवलीला दारात उभी राहून म्हणाली की आता जोडता येणार नाही, एकदा जोडला तरी आकडा उतरू शकतो. मग जरा नरमाईनं म्हणाली, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, मावशी.  दुसऱ्या आठवड्यात बायका चुली विझल्या की डबे उचलून घरी जायला लागल्या. आपापल्या घरी उकाडा तेवढाच होता. पण तिथं कुणी दारात उभं राहत नव्हतं.

शिवलीला दिवसेंदिवस बारीक आणि बारकाईची होत गेली. जेवताना मधेच उठायची. फोन आला तर यंत्र विसाव्याला आहे म्हणून ठेवून द्यायची. भिंतीला लावलेल्या तापमापीवर खोलीची उष्णता बघायची. विरेश तिला रोज सल्ले पाठवायचा, खोलीत उजेड कमी ठेव, खाली लाकडी पाट घाल, आणि ती ते जपून पाळायची. पूर्वी ती रात्री आजीच्या पायाला तेल लावता लावता बडबडायची. आता तेल लावायची, बडबड नव्हती. नीलव्वाला घरात नात असून नसल्यासारखी झाली.

एकदा तिनं न राहवून सुनावलं. म्हणाली, तू त्या यंत्राची चौकीदारीण झालीस. असल्या घरात जाऊन काय करणार, उशाशी काठी घेऊन बसणार का? सासरा वेडा, पोरगा त्याच्या पावलावर, आणि तू त्यांच्या मागं.

शिवलीलानं तेल लावणं थांबवलं. तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“अव्वा, पट्ट्या तू ठेवल्यास,” ती म्हणाली. “परीक्षा मी देतेय. जीभही तुझीच चालते. याआधीची चार स्थळं का गेली, मला माहीत नाही असं वाटतं तुला? पुण्याला गेलो की तिथं एक शब्द बोलू नकोस. मी सांगितल्याशिवाय बोलू नकोस. एवढं कर माझ्यासाठी.”

नीलव्वाला आयुष्यात कुणी असं सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं सांगायचा प्रयत्न केला होता, पण तो फार दिवस टिकला नाही, प्रयत्नही आणि नवराही. तिनं नातीकडं बघितलं. पोरीच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. एवढी शिकलेली, एवढी कमावती पोर, आणि एका हिरव्या आकड्याला घाबरलेली. नीलव्वानं मान हलवली आणि कूस बदलली. त्या रात्री तिला तिच्या स्वतःच्या जिभेची किळस आली, आणि ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही.

मे महिन्यात ते पुण्याला निघाले. आकडा नव्याण्णव होता. नव्या बॅटरीचा सुरुवातीला एक आपोआप उतरतो, मग जपलं तर तिथंच राहतो, असं विरेशनंच सांगितलं होतं. वाटेत ट्रक उलटला होता, त्यामुळं पोचायला दुपार झाली. सरांचं घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. खाली पहारेकऱ्यानं सांगितलं की सगळी इमारत जिच्यावर चालते ती मोठी बॅटरी विसाव्याला आहे. सोसायटीनं ठराव केलाय, दुपारी दोन ते चार लिफ्ट बंद, पंखे बंद, सगळं बंद. इमारतीचा आकडा चांगला राहिला की घरांना भाव येतो. नीलव्वानं त्याच्याकडं असं बघितलं की तो बिचारा स्वतःच दोन पावलं मागं झाला. पण ती बोलली नाही. चार मजले चढली, प्रत्येक वळणावर थांबली, आणि ओठ घट्ट मिटून ठेवले.

सरांनी दार उघडलं, हसले, घड्याळाकडं बघितलं आणि बसायला सांगितलं. खिडक्या बंद होत्या, कारण समोर बांधकाम चालू होतं आणि धूळ यायची. विरेशच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत त्याचं यंत्र विसाव्याला होतं, तो संपायला अजून थोडा वेळ आहे असं तो म्हणाला, आणि शिवलीलाकडं बघून ओळखीचं हसला. तिच्या पिशवीतही तिचं यंत्र विसाव्याला होतं. तिनं मान डोलावली. नीलव्वाला वाटलं, दोन बायका आपापली तान्ही निजवून गप्पांना बसल्यात.

सुमंगलाताई कुठं दिसत नव्हत्या. स्वयंपाकघरातून तुपाचा आणि पुरणाचा वास येत होता, आणि वासाबरोबर भट्टीसारखी धग. वीज बंद, म्हणजे धूर ओढणारा पंखा बंद. बाई पाहुण्यांसाठी गॅसवर पोळ्या लाटत होत्या. सर बाहेर बसून सांगत होते की विसाव्याची ही पद्धत शाळेपासून शिकवायला हवी. त्यांच्या घरात गेल्या सहा वर्षांत एकही विसावा मोडलेला नाही. यंत्र विसाव्याला असताना हिनंसुद्धा कधी हाक मारली नाही, ते म्हणाले, आणि आत स्वयंपाकघराकडं मान वळवून कौतुकानं हसले.

सुमंगलाताई ताटं घेऊन बाहेर आल्या. तोंड लालभडक. एक ताट त्यांनी टेबलावर नीट ठेवलं. दुसरं ठेवताना हात भरकटला, पोळी घसरली. त्या ती उचलायला वाकल्या आणि भिंतीला टेकून तशाच खाली बसल्या. मग एका बाजूला कलल्या.

सगळे उठले. सिद्राम पाणी आणायला धावला. शिवलीलानं त्यांच्या गळ्याला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. भाकरीच्या खोलीत वाढलेल्या पोरीला ते कळायला वेळ लागला नाही. अंग तव्यासारखं आणि कोरडं. घाम थांबला होता. नीलव्वानंही ते बघितलं. खाली बसून तिनं बाईंचं डोकं मांडीवर घेतलं, पाण्यात पदर बुडवला आणि मान, हात, तळवे पुसायला लागली. बोलली नाही.

“पंखा,” शिवलीला म्हणाली. “विरेश, तुझ्या खोलीत टेबलपंखा आहे ना? तुझ्या लॅपटॉपला जोड. पटकन.”

विरेशनं खोलीच्या दाराकडं बघितलं. मग वडलांकडं बघितलं. सरांनी घड्याळ बघितलं. ते म्हणाले की इमारतीचा विसावा आता संपेलच, मग सगळंच सुरू होईल, घाबरायचं कारण नाही, उन्हानं होतं असं, खिडकी उघडा. विरेशनं खिडकी उघडली. बाहेरून आणखी गरम वारा आत आला. त्यानं आईच्या तोंडाशी पेला धरला आणि म्हणाला, थोडं सावकाश श्वास घे, आई, थोडाच वेळ राहिलाय. आवाज तोच, शांत. सुमंगलाताई काहीतरी पुटपुटल्या. पोळ्या करपतायत, असं काहीतरी.

शिवलीला उभी राहिली. पिशवीपाशी गेली. यंत्र बाहेर काढलं तेव्हा ते तिच्या हातात गरम होतं. झाकण उघडलं. पडद्यावर विचारणा आली, विसावा मोडायचा का, आकडा उतरेल. ते इंग्रजी नीलव्वाला वाचता आलं नाही, पण पोरीचं बोट एक क्षण तिथं थांबलेलं तिला दिसलं. तीन महिने तिनं त्या बोटाला असं काही करू दिलं नव्हतं. मग बोट खाली आलं. विरेशच्या खोलीत जाऊन तिनं पंखा उचलून आणला. त्याच्या झाकलेल्या यंत्राकडं तिनं बघितलंही नाही. पंखा फिरायला लागला, ओल्या पदरावरून वारा आला, आणि नीलव्वाच्या मांडीवरचं डोकं जरासं हललं.

सिद्राम तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर बाईंना घेऊन आला. त्यांनी तपासलं, पंखा तसाच चालू ठेवायला सांगितलं, बर्फाच्या पिशव्या मागवल्या, आणि म्हणाल्या की वेळेत गार केलं म्हणून निभावलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर दवाखान्याची गाडी बोलवावी लागली असती. नीट शुद्धीवर आल्या की मीठ-साखरेचं पाणी द्या, दिवसभर झोपवून ठेवा, मी तासाभरात पुन्हा येते. त्या गेल्या. थोड्या वेळानं लिफ्टचा आवाज आला, वरचे पंखे फिरायला लागले, घरभर दिवे लागले. विरेश उठून आपल्या खोलीत गेला आणि परत आला. त्याचं यंत्र ठीक होतं, हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं.

सुमंगलाताईंनी डोळे उघडले होते. त्या नीलव्वाच्या मांडीवरून उठायला बघत होत्या. नीलव्वानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पडूनच राहायला लावलं.

सरांनी घसा साफ केला. झालं ते झालं, ते म्हणाले. शिवलीलानं हेतू चांगला ठेवून केलं यात शंका नाही. नियमानं बघितलं तर आकडा अठ्ठ्याण्णव झाला, म्हणजे अट मोडली. पण आम्ही मोठ्या मनानं घेऊ. पुन्हा नवी बॅटरी टाका, आणखी तीन महिने देऊ. भावनेच्या भरात निर्णय घेण्याची सवय तेवढी सुधारायला हवी, कारण आज कारण योग्य होतं, उद्या असेलच असं नाही.

शिवलीला विरेशकडं वळली. तो काही बोलेल म्हणून ती थांबली. 

“तुझा लॅपटॉप आत होता,” ती शेवटी म्हणाली. “दहा पावलांवर.”

“सहा वर्षं मी विसावा एकदाही मोडलेला नाही, शिवलीला,” विरेश म्हणाला. “तुला तरी कळायला हवं. आणि आईला आता बरं आहे.”

शिवलीलानं पंखा बंद केला. वायर गुंडाळली. यंत्र मिटून पिशवीत टाकलं, कसंतरी, आडवंतिडवं, भाजी टाकावी तसं. मग ती आजीशेजारी खाली जमिनीवर येऊन बसली.

“अव्वा,” ती म्हणाली, “आता बोल.”

सिद्रामनं डोळे मिटून घेतले. नीलव्वानं घाई केली नाही. तीन महिने साठलेलं आधी गिळलं, म्हणजे त्यातलं कामाचं तेवढं वर राहील. मग मांडीवरच्या डोक्यावरचे ओले केस बाजूला सारत, बसल्या जागेवरून ती सावळगी सरांना म्हणाली:

“सर, तुम्ही मास्तर, मी तिसरीतली. तरी बघितलं ते सांगते. तुमची बायको खाली पडली तेव्हा पोरानं तुमच्याकडं बघितलं, आणि तुम्ही घड्याळाकडं बघितलं. तिच्याकडं बघायला सोलापूरहून माणसं यावी लागली. असल्या घरात मी पोरगी देत न्हाई. लग्न मोडलं. तीन महिने तुमच्यापाशीच ठेवा. आणि पोरासाठी दुसरी मुलगी हुडकू नका, एक चांगलं कपाट बघा. गारवा-उष्णता बघून नीट ठेवायचं, वरून कुलूप घालायचं, त्याचा आकडा कधी उतरायचा न्हाई. आता उठा. हिला मीठ-साखरेचं पाणी करून आणा. मीठ कुठल्या डब्यात असतं ते हिला विचारायचं न्हाई. हुडका.”